सेडियाचा ब्लोअर

बकुळा नगरकर निवृत्त झाली त्या जूनपर्यंत विद्युल्लता दप्तरदारला आपल्या गाडीचा आवाज कसा आहे हे नीटसं माहीत नव्हतं.

गाडी जुनी होती. दोन लिटरची सेडिया, २००७ सालची. इंदूरच्या एका रॅलीवाल्याकडून विद्युल्लतानं ती घेतली तेव्हा देवासातले नातेवाईक तोंडावर काही बोलले नाहीत. मागून मात्र म्हणालेच, की फिजिक्स शिकवणाऱ्या एकट्या बाईला असली पळणारी गाडी कशाला. तिला गाडी चालवायला आवडायचं, याहून वेगळं कारण नव्हतं. घर देवासला टेकडीच्या पायथ्याशी आणि नोकरी धारच्या कॉलेजात, त्यामुळे जाऊन-येऊन रोजचे एकशे नव्वद किलोमीटर. बायपासनं इंदूर बाहेरून चुकवायचं, मग बेटमा, घाटाबिल्लोद, धार.

अकरा वर्षं शेजारच्या सीटवर बकुळा होती. ती त्याच कॉलेजच्या लायब्ररीत होती आणि देवासात दोन गल्ल्या सोडून राहायची. थंडीत ती मांडीवर ताट घेऊन मटार सोलायची. सासूबद्दल, प्राचार्यांबद्दल, रात्री पडलेल्या स्वप्नांबद्दल बोलायची. दिवसाचे चार तास, अकरा वर्षं. "इतकं बोलणं नवऱ्याशीसुद्धा झालं नाही गं माझं," असं ती म्हणायची, आणि तिला नवरा होता. विद्युल्लताला तोही नव्हता.

बकुळा नाशिकला मुलीकडे गेली. पहिला महिना रोज फोन आला. मग रविवारी यायला लागला. मग नातीची परीक्षा आली, आणि विद्युल्लताच म्हणाली की असू दे, सवडीनं कर.

गाडीत शांतता पसरली. रेडिओ तिला सहन होईना, कारण त्यात कुणीतरी सतत आनंदात असायचं. मग ती इंजिन ऐकायला लागली. तिसऱ्या गिअरमध्ये ते कसं भरून येतं, घाटाबिल्लोदच्या चढाला कसं घोगरं होतं, हे तिला कळायला लागलं. ऑक्टोबरात तिला एक बारीक चिवचिव ऐकू आली, सकाळी गाडी गार असताना. देवासातल्या एका गॅरेजवाल्यानं ऐकलं आणि म्हणाला, काही नाही. इंदूरच्या दुसऱ्यानं न ऐकताच तेच सांगितलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या माणसानं मग तिला मांडू रोडवरच्या विश्वासराव शितोळ्यांच्या शेडचा पत्ता दिला.

विश्वासराव चौसष्ट वर्षांचे होते. उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या मिशा नीट कातरलेल्या. त्यांचे आजोबा धार सरकारांच्या मोटरखान्यात होते, वडिलांनी ट्रक दुरुस्त केले, आणि स्वतः विश्वासरावांनी तरुणपणी रॅलीच्या गाड्यांमागे अर्धा देश पालथा घातला होता. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा सुरतला होता. शेडमागच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत.

"चिवचिव येते म्हणता," ते म्हणाले. "चालू करा."

त्यांनी हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनच्या पुढच्या बाजूला एकेका जागी टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर धरली. डोळे मिटले. तिसऱ्या ठिकाणी थांबले.

"पट्ट्याची पुली. बेअरिंग गेलंय. अजून पंधरा दिवस चाललं असतं, मग बेटम्याला उभं केलं असतं तुम्हाला." त्यांनी डोळे उघडले. "हे तुम्हाला गाडीत बसून ऐकू आलं? काचा बंद असताना?"

"हो."

"तिखट कान आहेत, मॅडम."

बेअरिंग बदलायला दोन तास लागले. ती एका आडव्या टायरवर बसून राहिली. कुणाच्या तरी सोबत दोन तास बसणं तिला फार दिवसांनी घडत होतं. मागच्या फळीवर जुन्या कार्बुरेटरांच्या रांगेत ॲल्युमिनियमचं एक जडसं धूड होतं. तिनं विचारलं, ते काय.

"ब्लोअर. सुपरचार्जर म्हणा." त्यांनी हात पुसले आणि ते खाली काढलं. "अपघात झालेल्या एका परदेशी गाडीचा आहे. भंगारात मिळाला. बघा, आत दोन पिळाचे रोटर. इंजिनच्या पट्ट्यावर फिरतात आणि हवा कोंबतात आत. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. टर्बोसारखी वाट बघायला नाही लागत. पाय दिला की लगेच." त्यांनी पुली हातानं फिरवली. ती लोण्यासारखी फिरली. "बारा वर्षं झाली. लावीन म्हणतो कुणाच्या गाडीला. कुणी तयारच नाही होत. आणि खरं सांगायचं तर कायद्यातही नाही बसत ते."

"माझ्या गाडीला बसेल?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग सेडियाकडे पाहिलं. "हे इंजिन तर ह्याच्यासाठीच बनलंय. पण तुम्ही रोज चालवता नं ही? सोमवारी सकाळी कॉलेज असतं. अशी गाडी उघडून ठेवता येत नाही."

"रविवारी करू. थोडं थोडं."

हे आपण का बोललो, हे तिला परतीच्या वाटेवर बेटम्यापर्यंत कळलं नाही. बेटम्यानंतर कळलं. तिला ताकद नको होती. गाडी होती तशी पुरेशी पळत होती. तिला रविवार हवे होते.

नोव्हेंबरपासून ती दर रविवारी सकाळी नऊला शेडवर पोचायला लागली. रोजची गाडी असल्यामुळे काम तुकड्यांत करावं लागे. एका रविवारी मोठा पेट्रोल पंप टाकीत गेला, पुढच्या रविवारी जास्त पेट्रोल सोडणारे इंजेक्टर. ब्लोअर धरून ठेवायच्या ब्रॅकेटचा नमुना त्यांनी आधी पुठ्ठ्याचा केला, मग प्लायवुडचा, आणि पिथमपूरच्या एका ओळखीच्या लेथवाल्याकडून शेवटी लोखंडाचा करून आणला. पुल्या एका रेषेत यायला हव्यात, केसाचासुद्धा फरक नको, नाहीतर पट्टा उडतो. त्यासाठी ती कॉलेजातून लेसर घेऊन आली. विश्वासराव लाल ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिले. "आम्ही हे दोरीनं करायचो," ते म्हणाले.

दुपारी जेवण. ती थालीपिठं नाहीतर भरली वांगी आणायची. कधी ते शेडमागे गोवऱ्या पेटवून कणकेच्या गोळ्यांचे बाफले भाजायचे आणि तुपात बुडवून तिच्या ताटात टाकायचे. बोलणं बहुतेक ते करायचे. रस्त्यात उलटलेल्या जिपा, झाशीच्या वाळूत रुतलेली गाडी, पहाटे चारला कंदिलाच्या उजेडात बदललेला गिअरबॉक्स. ती विचारायची त्याचं उत्तर कधी कधी भलतंच यायचं. तिनं विचारलं, तुमचा मुलगा येतो का कधी, तर ते म्हणाले, मुळा हवाय का, मागे लावलाय. तिला वाटलं, त्या विषयावर त्यांना बोलायचं नसेल.

डिसेंबरात त्यांनी तिला 'ताई' म्हणायला सुरुवात केली.

शेवटच्या जोडणीला आठवडा लागणार होता. तो आठवडा ती बसनं गेली-आली. देवासहून इंदूर, तिथून रिक्षानं गंगवाल बसस्टँड, तिथून धार. बसमध्ये शेजारी रोज वेगळं माणूस असायचं आणि ते फोनवर बोलत असायचं. ती थकायची, पण संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर अर्धा तास शेडवर जायची, आणि तेवढ्यासाठी तिला तो थकवा चालायचा.

इंजिनला पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे ठरवायला आता वेगळा संगणक लागणार होता. ते काम इंदूरच्या चिराग नावाच्या तरुण ट्यूनरनं दुरून केलं. त्यानं लॅपटॉपसाठी एक फाइल पाठवली आणि फोनवर विद्युल्लताला बजावलं, "मॅम, ही सुरुवात आहे. इंजिनवर बळ पडताना ठोकल्यासारखा बारीक आवाज आला तर लगेच पाय काढा आणि मला सांगा. पेट्रोल वेळेआधी पेटतं तेव्हा तो येतो. सध्या तुमचा कानच मीटर आहे."

"आमच्याकडे विश्वासराव आहेत," ती म्हणाली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांनी गाडी चालू केली. आधी खोकली, मग लागली. विद्युल्लतानं हळूच ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिनच्या आवाजावर एक नवीन सूर चढला. बारीक, सरळ, पाय दाबू तसा वर जाणारा. काच खाली करून तिनं बाहेर पाहिलं. विश्वासराव दोन्ही तळवे मडगार्डवर टेकवून उभे होते.

"कसा वाटतो?" त्यांनी विचारलं.

"सुरेख. तुम्हाला?"

"सही आहे एकदम," ते म्हणाले. पण तोवर तिनं पाय काढलेला होता आणि सूर केव्हाच थांबला होता.

तिला शंका तेव्हा आली. खात्री त्याच दुपारी झाली. ते दोघं राजगढच्या रस्त्याला निघाले. विश्वासराव चालवत होते, तिच्या मांडीवर लॅपटॉप होता. सरदारपूरच्या अलीकडे रस्ता मोकळा होता. त्यांनी तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दिला आणि सीटनं तिला पाठीत ढकललं. चौसष्ट वर्षांचा तो माणूस हसत होता. तेवढ्यात तिला ऐकू आलं. ब्लोअरच्या सुराखाली, डब्यात चार छर्रे टाकून कुणी हलवावेत तसं काहीतरी. क्षणभर आलं आणि गेलं.

"विश्वासराव, काही वाजतंय."

"काय?"

"वाजतंय काही. बारीक. आत्ता वाजलं."

त्यांनी पुन्हा पाय दिला. छर्रे पुन्हा वाजले, या वेळी स्पष्ट. त्यांनी मान किंचित तिरपी करून ऐकल्यासारखं केलं. चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"पट्टा आहे, ताई. नवीन आहे नं. बसेल चार दिवसांत."

तो पट्टा नव्हता, हे तिला समजलं होतं. त्यांना काहीच ऐकू आलेलं नाही, हेही समजलं होतं. ते सांगायला तोंड उघडलं असतं तर दुसरी गोष्टही सांगावी लागली असती, आणि ते अजून हसत होते. चिरागला तिनं लिहिलं, सगळं ठीक.

पुढे दोन महिने ती गाडी रोज चालवत होती. पाय हलका ठेवत होती, म्हणजे ठेवायचा प्रयत्न करत होती. पण एकट्या माणसाला अशा गाडीत पाय हलका ठेवणं जड जातं. बेटम्यानंतर रस्ता मोकळा झाला की ती दाबायची, सूर वर चढायचा, आणि तेवढे आठ-दहा सेकंद डोक्यात दुसरं काही राहायचं नाही. छर्रे वाजले की पाय काढायची. थंडीत ते क्वचित वाजायचे. मार्च संपता संपता वारंवार वाजायला लागले.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, घाटाबिल्लोदजवळ दोन ट्रॉल्यांना मागे टाकताना गाडी एकदम लंगडली. आरशात निळसर धूर दिसला. तिनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि बाभळीच्या विरळ सावलीत उभी राहिली. विश्वासरावांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. ते फोन कधीच उचलत नाहीत आणि याचा तिला आजवर थोडा रागच होता. आता रस्त्यावर उभं राहून तिला त्याचं कारण कळलं. मग कुणाला लावावा म्हणून तिनं नावांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. बेटम्याच्या क्रेनवाल्याचा नंबर रस्त्यावरच्या पाटीवर होता. तिनं तो लावला.

इंजिन उघडायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ती शेडवर गेली तेव्हा विश्वासराव बाकावर बसले होते आणि समोर वर्तमानपत्रावर चार पिस्टन मांडलेले होते. तिसऱ्याची कड फुटली होती. रिंग बसते तिथला तुकडा निखळला होता.

"हे एका दिवसात नाही झालेलं," ते म्हणाले. "ठोकत होतं ते. कितीतरी दिवस. आवाज आला असणार तुम्हाला."

"आला होता."

"मग सांगितलं का नाही?"

"राजगढच्या रस्त्यावर सांगितलं होतं. तुम्ही पट्टा म्हणालात."

त्यांनी पिस्टन हातात घेतला, फिरवला, परत ठेवला. "मी पट्टा म्हटलं. पण नंतर? दोन महिने?"

ती त्यांच्या समोर, त्यांना तोंड दिसेल अशी बसली. "तुम्हाला ऐकू आलं नव्हतं, विश्वासराव. मला ते त्याच दिवशी कळलं. मला बोलवेना."

रस्त्यावरून मांडूकडे जाणारी एक बस गेली.

"किती गेलंय?" त्यांनी शेवटी विचारलं. "तुम्ही फिजिक्सवाल्या. मोजता येतं नं?"

"दवाखान्यात नीट मोजतात."

"दवाखान्यात मुलगा येईल सोबत. तुम्ही मोजा."

तिच्या फोनमध्ये वर्गात दाखवायला ठेवलेलं, हव्या त्या कंपनाचा स्वर काढणारं ॲप होतं. गाडीतून हेडफोन आणून तिनं त्यांच्या कानांवर बसवला. म्हणाली, डोळे मिटा, आवाज आला की बोट वर करा. अडीचशे हर्ट्झला बोट वर झालं. पाचशेला झालं. हजारला झालं. दोन हजारला जरा थांबून झालं. तिनं तीन हजार लावले. बोट गुडघ्यावरच राहिलं. तिनं आवाज वाढवला, इतका की हेडफोनमधून निसटलेला स्वर तिला समोर बसून ऐकू येत होता. चार हजार. सहा हजार.

"चालू आहे?" मिटल्या डोळ्यांनी त्यांनी विचारलं.

तिनं त्यांच्या मनगटाला हात लावला. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ती म्हणाली, "चालू आहे."

त्यांनी हेडफोन काढून तिच्या हातात दिला. "ब्लोअर कुठे वाजतो?"

"बहुतेक तिथेच. त्याच्याही वर."

"म्हणजे तो मी ऐकलाच नाही."

"नाही."

"आणि हे ठोकणं?"

"ते अजून वर. सहा-सात हजार."

ते उठले आणि नळावर जाऊन हात धुवून आले, जरी हात स्वच्छ होते. आले ते म्हणाले, "ब्लोअर काढून टाकतो. गाडी होती तशी करून देतो. माझं काम नाही हे आता."

"मला काढायचा नाही," विद्युल्लता म्हणाली.

"ताई, ह्याला कान लागतात."

"माझे आहेत नं."

मे महिन्यात कॉलेजला सुटी होती. ती आठवड्यातून तीनदा बसनं धारला येऊ लागली. पिस्टन कुठेच मिळेनात. शेवटी कोइमतूरच्या एका रॅलीच्या गॅरेजात एक संच निघाला. चिरागला तिनं फोन करून सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "मॅम, तेव्हाच सांगायचं ना." मग त्यानं नवीन फाइल केली. विश्वासरावांनी ब्लोअरची पुली मोठी बसवली, म्हणजे तो हळू फिरेल आणि हवा कमी कोंबेल. आत जाणारी हवा गार करायला पाण्याची एक छोटी जाळी पुढच्या बंपरमागे घातली. एप्रिलच्या उन्हाचा विचार आधीच करायला हवा होता, असं ते स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणत होते.

ठोकणं नीट ऐकता यावं म्हणून त्यांनी जुन्या दिवसांतली एक युक्ती काढली. तांब्याच्या नळीचं टोक चपटं ठोकून इंजिनच्या ब्लॉकवर बोल्टनं आवळलं. नळीच्या दुसऱ्या टोकाला रबरी पाइप लावून तो खिडकीतून आत आणला आणि कारखान्यात आवाज अडवायला घालतात तसल्या कानझाकण्यांत घुसवला. विद्युल्लतानं ते कानावर चढवलं आणि बाहेरचं जग नाहीसं झालं. फक्त इंजिन उरलं, डॉक्टरला छाती ऐकू यावी तसं.

जूनच्या सुरुवातीला ते पुन्हा राजगढच्या रस्त्याला लागले. आधीच ठरलं होतं. त्यांनी पाय द्यायचा, तिनं ऐकायचं, ठोकलं की त्यांच्या खांद्यावर बोट मारायचं. बोट लागताच ते पाय काढत. ती लॅपटॉपवर ठिणगीचा आकडा एक घर मागे घेई, मग पुन्हा तीच सडक, तोच गिअर. सरदारपूरपासून मोहनखेड्याच्या फाट्यापर्यंत जायचं, वळायचं. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत ते असे जात-येत राहिले. तिला विश्वासरावांचं बोलणं ऐकू येत नव्हतं आणि त्यांना तिचं यायची आशाच नव्हती, त्यामुळे कुणीच बोललं नाही. अकराव्या फेरीला तिनं बोट मारलं नाही. बाराव्यालाही नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवून थोडा वेळ तसेच बसले.

विद्युल्लताला अकरा वर्षांत बकुळाशी कधी वाटली नव्हती इतकी जवळीक त्या सहा तासांत वाटली. गाडी पूर्ण झाली, असं नंतर शेडवर विश्वासराव म्हणाले, तेव्हा तिनं विचारलं, अजून काही पाहायचं राहिलंय का. त्यांनी विचार करून सांगितलं, नाही, काही नाही.

त्यानंतरच्या रविवारी ती उगाच गेली. डबा नेला. दोघांनी जेवण केलं. ते दुसऱ्या कुणाच्या जीपचा क्लच खोलत होते. ती आडव्या टायरवर बसून राहिली, पण आता तिथे बसायला कारण नव्हतं, आणि ते दोघांनाही जाणवत होतं.

जुलैत रिव्हर्समध्ये येणाऱ्या एका डंपरनं विश्वासरावांना शेडसमोरच धक्का दिला. त्याचा इशाऱ्याचा भोंगा चालू होता. मोडलं काही नाही, खांदा सुजला. मुलगा यशराज सुरतहून आला. शांत, नीटनेटका माणूस. वडिलांशी हिंदीत, मोठ्यानं आणि सावकाश बोलायचा. त्यानं विद्युल्लताला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, आपको पता था?" ती हो म्हणाली. तो रागावला नाही. मराठीवर येत म्हणाला, "मला नव्हतं. मी फोन करायचो तर ते 'सगळं ठीक' म्हणून ठेवून द्यायचे. मला वाटायचं, कामात असतील."

ऑगस्टच्या अखेरीस शेड दिली गेली. विश्वासराव सुरतला गेले. जाताना त्यांनी तिला काही दिलं नाही, तिनंही त्यांना काही दिलं नाही. फाटकापाशी ते म्हणाले, "पट्टा दर महिन्याला बघत जा, ताई," आणि ती म्हणाली, बघीन.

फोनवर बोलणं शक्यच नव्हतं. ते संदेश पाठवत. मराठी बोलत आले असले तरी शाळा हिंदीत झालेली, मराठी वाचायला त्यांना वेळ लागे, म्हणून तीही हिंदीतच लिहू लागली. 'ताई, पट्टा देखा?' 'देखा, ठीक है.' 'पानी का टेम्परेचर?' 'नब्बे.' जन्मभर मराठी बोललेली दोन माणसं आता शाळेच्या परक्या भाषेत एकमेकांना तापमान कळवत होती.

दिवाळीच्या सुटीत ती न कळवता निघाली, म्हणजे यशराजला तेवढं सांगितलं. साडेपाचशे किलोमीटर. धारवरून जाताना शेडच्या जागी टाइल्सचं दुकान लागलेलं दिसलं. सुरतेत सातव्या मजल्यावरच्या घरात सगळ्यांनी तिचं नीट स्वागत केलं. सुनेनं फराळाचं ताट दिलं. विश्वासराव खुर्चीत बसले होते, स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात, नखं कोरी. कानांत यंत्रं होती.

"ऐकू येतं आता?" तिनं विचारलं.

"सगळंच येतं. पंखा येतो, नळ येतो, वरच्यांच्या खुर्च्या येतात." त्यांनी आवाज हळू केला. "निवडता नाही येत, ताई."

दोघं खाली गेले. त्यांनी तळघरातल्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं, पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला, ऑइल पाहिलं, जाळीचे जोड पाहिले. मग आत बसले आणि बसताच कानातली यंत्रं काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली. "गाडीत कलकल होते त्याची," म्हणाले. ती त्यांना तापीच्या पुलावरून पलीकडे घेऊन गेली. रहदारी खूप होती, पाय द्यायला जागाच मिळाली नाही. एका सिग्नलला त्यांनी विचारलं, "तुम्ही एकट्याच आलात? एवढ्या लांब?"

तिनं मान हलवली.

"कळवलं असतं तर मीच चालवून आणली असती," ते म्हणाले. सिग्नल सुटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती परत निघाली. विश्वासराव खाली सोडायला आले होते आणि गाडीकडे बोट दाखवून वॉचमनला काहीतरी समजावत होते. वॉचमन मान डोलावत होता.

दुपारी दाहोदच्या बाहेर ती चहाला थांबली. टपरीवर दोन ट्रकवाले आणि पंक्चरवाला बसले होते. गाडी उभी राहताना त्यांतल्या एका ट्रकवाल्यानं मान वर केली होती. ती चहा घेत असताना तो जवळ आला.

"बहनजी, बुरा मत मानना. गाडीत शिट्टीसारखं काय वाजतं? काही घासतंय का?"

"घासत नाही," विद्युल्लता म्हणाली.

तिनं कप खाली ठेवला आणि बॉनेट उघडलं. हा पट्टा, तिनं दाखवलं, ही पुली, हिच्या आत दोन पिळाचे रोटर. ते हवा कोंबतात. ही मोठी पुली मुद्दाम लावलीय, नाहीतर ठोकतं. पंक्चरवाला हात पुसत आला. ट्रकवाल्यानं विचारलं, कुणी बसवलं. ती सांगायला लागली. आधी बेअरिंगचं सांगितलं, मग पुठ्ठ्याच्या ब्रॅकेटचं, लेसरचं, फुटलेल्या पिस्टनचं, कोइमतूरचं. त्यांनी अजून एक चहा मागवला तोही तिनं उभ्यानंच घेतला. तांब्याच्या नळीपाशी आली तेव्हा ट्रकवाल्याच्या साथीदारानं दोनदा हॉर्न दिला, आणि तो नाइलाजानं गेला. पंक्चरवाल्याकडे गिऱ्हाईक आलं. टपरीवाला एकटा उरला. तो ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. तिनं उरलेलं त्याला सांगितलं.

मग बॉनेट लावून ती निघाली. देवास अजून अडीचशे किलोमीटर होतं.